अर्ध्या मिलिमीटरची रेघ

हिंगणघाट म्हटलं की आमच्याकडच्या माणसाला कापसाचा बाजार आठवतो. मला धंद्यामुळे विल्यम लॅम्बटन आठवतो. हा गोरा अधिकारी हैदराबादेकडून नागपूरकडे निघाला होता आणि २० जानेवारी १८२३ रोजी हिंगणघाटच्या मुक्कामी वारला. तिथंच पुरला गेला. १८०२ साली मद्रासजवळ जमिनीवर एक सरळ रेघ अतोनात काळजीनं मोजून त्यानं साऱ्या मुलखाच्या मोजणीचं काम सुरू केलं होतं. त्या एका रेघेवर त्रिकोण, त्या त्रिकोणाच्या बाजूवर दुसरा त्रिकोण, असं करत करत ते काम भारताच्या दक्षिण टोकापासून आमच्या काळ्या मातीपर्यंत सरकत आलं होतं. त्याचं कोन मोजायचं यंत्र अर्ध्या टनाच्या आसपास वजनाचं. १८०८ साली तंजावरच्या देवळाच्या गोपुरावर चढवताना ते आदळलं, तर पठ्ठ्यानं स्वतःच बसून ते दुरुस्त केलं. हाताखालच्या एव्हरेस्टनं पुढं ते काम हिमालयापर्यंत नेलं आणि शिखराला नाव त्याचं लागलं. लॅम्बटनच्या वाट्याला हिंगणघाट आलं. आम्हा वर्धेकरांना यात खरं तर अभिमान वाटायला हवा, पण कापसाच्या भावापुढं कुणाला काय सुचणार!

मी नागपुरात नकाशांच्या ऑफिसात काम करते. ड्रोननं काढलेले फोटो पडद्यावर घ्यायचे, त्यांच्यावर घर, कुंपण, विहीर, नाली, रस्ता यांच्या रेघा ओढायच्या, आणि जुन्या नकाशातल्या रेघांशी त्या जुळतात का ते पाहायचं. शेवटचं काम सगळ्यात डोकं खाणारं. गावी सगळ्यांना वाटतं की मी 'सॅटेलाइटमधे' आहे. काकाजी तर पाहुण्यांना सांगतात, "आमची बाई वरून सारं पाह्यते." वरून काय काय दिसत नाही, याची मी यादी करत असते हे त्यांना माहीत नाही.

देशाचा नकाशा म्हणजे एकच काहीतरी मोठी वस्तू असेल, असं मलाही कॉलेजात असताना वाटायचं. प्रत्यक्षात आपल्याकडे नकाशांची दोन घराणी आहेत. एक सर्व्हे ऑफ इंडियाचं. १७६७ साली स्थापन झालेलं, देहरादूनचं, डोंगर-नद्या-रस्ते-रेल्वे दाखवणारं. त्यांच्या नकाशा-पत्रकांना दिलेल्या आकड्यांत आमचा मुलूख ५५ क्रमांकात येतो, आणि वर्धा, हिंगणघाट '५५ एल'मध्ये. दुसरं घराणं महसुलाचं. पटवाऱ्याच्या दप्तरातला, कापडावर चिकटवलेला गावनकाशा, त्यात प्रत्येक वावराची हद्द आणि नंबर. पहिल्या घराण्याला तुमचं वावर कोणतं याच्याशी देणंघेणं नाही. दुसऱ्याला तुमचं गाव पृथ्वीवर नेमकं कुठं आहे याच्याशी नाही. गावाचा नकाशा गावापुरता खरा होता, कारण तो गावातल्याच एखाद्या दगडापासून साखळी टाकत टाकत तयार झाला. शेजारच्या गावाचा नकाशा त्याच्या शेजारी ठेवला तर मधे कुठं फट दिसते, कुठं दोन्ही गावं एकमेकांवर चढलेली दिसतात.

आमच्या विदर्भात तर याला आणखी एक पदर. वर्धा नदीच्या पलीकडं वऱ्हाड, तिथं मुंबईच्या धर्तीवरची रयतवारी. अलीकडं आम्ही नागपूरकर भोसल्यांच्या आणि नंतर मध्य प्रांताच्या मालगुजारीतले, म्हणजे गावाचा सारा मालगुजारामार्फत भरणारे. तिकडं तेहतीस फुटी साखळी आणि एकर-गुंठे, इकडच्या जुन्या कागदांत एकर-डिसमिल (डिसमिल म्हणजे एकराचा शंभरावा भाग), आणि आता सगळ्यांच्याच ७/१२ वर हेक्टर-आर. मालगुजारी १९५० च्या कायद्यानं गेली, पण तिच्या काळातले कागद गेले नाहीत. पडद्यावर एखादं पान उघडलं की कुठल्या राजवटीत बसून ते लिहिलं गेलं, हे आता मला अक्षरावरून कळतं.

तर डिजिटल नकाशा करायचा, म्हणजे माझ्या लेखी या दोन घराण्यांची सोयरीक जुळवायची. ती जुळवताना पहिलं भांडण पृथ्वीच्या आकारावरून होतं. एव्हरेस्टनं १८३० साली भारतापुरता बसेल असा पृथ्वीचा आकार गणितात धरला आणि आपले जुने नकाशे त्यावर काढले गेले. तुमच्या मोबाइलमधला जीपीएस वेगळा आकार धरतो, साऱ्या जगासाठी एकच. त्यामुळे जुन्या पत्रकावरचे अक्षांश-रेखांश तसेच मोबाइलमध्ये टाकले तर आमच्याकडे जागा शंभर मीटरहून जास्त सरकते. जुन्या पत्रकातलं देऊळ नव्या फोटोत पऱ्हाटीत जाऊन उभं राहतं. हा फरक मात्र गणिताचा आहे आणि गणितानं काढता येतो. २००५ च्या नकाशा धोरणानंतर जनतेसाठीची पत्रकं नव्या आकारावरच निघू लागली, त्यामुळे हे भांडण मिटल्यात जमा आहे. खरी कटकट गावात उतरल्यावर सुरू होते.

शेताला निदान ७/१२ होता. घराला काय होतं? ग्रामपंचायतीच्या नमुना आठवर नाव, म्हणजे घरपट्टी कोण भरतो एवढीच नोंद. लहान गावांच्या गावठाणाची आतून कधी मोजणीच झाली नव्हती. नकाशावर गाव म्हणजे एक बंद कडं आणि आत पांढरी जागा. महाराष्ट्रानं आधी पुरंदर तालुक्यातल्या सोनोरीत ड्रोननं गावठाण मोजून पाहिलं, आणि २४ एप्रिल २०२० ला गावठाणातल्या घरांना मालकीचा कागद देणारी केंद्राची स्वामित्व योजना जाहीर झाली. ड्रोन सर्व्हे ऑफ इंडियाचं, जमिनीवरची चौकशी राज्याच्या भूमी अभिलेखवाल्यांची. कागदाचं नाव राज्याराज्यात वेगळं: आपल्याकडे सनद, उत्तर प्रदेशात घरौनी, मध्य प्रदेशात अधिकार अभिलेख. १८ जानेवारी २०२५ ला एका दिवशी देशभरात ६५ लाखांहून जास्त अशी कार्डं वाटली गेली. नुसत्या कागदांच्या गठ्ठ्यांचा विचार केला तरी छाती दडपते.

आमच्या गावाला ड्रोन आलं तेव्हा मी मुद्दाम रजा काढून गेले होते. (ऑफिसात कुणाला पटलं नाही. ज्या फोटोंवर पगारी काम करायचं ते काढताना बघायला सुट्टी कशाला?) दवंडी आता व्हॉट्सॲपवर होते, तरी कोतवाल घरोघर फिरून सांगत होता की आपापल्या घराच्या हद्दीवर चुन्याची फक्की मारून ठेवा. ड्रोनला वरून पांढरी रेघ दिसली पाहिजे. उडणं अर्ध्या तासात आटोपलं असेल. फक्की मारायला मात्र अख्खं गाव आदल्या दिवसापासून लागलेलं होतं, कारण फक्की कुठं मारायची हा प्रश्न त्या दिवसापर्यंत कुणी कुणाला विचारलाच नव्हता. आमच्या आणि शेजारच्या घराच्या मधे सांद आहे, माणूस आडवा होऊन जाईल एवढी. त्यांच्या छपराचे कवेलू त्या सांदीवर दीड-दोन हात पुढं आलेले. पावसाचं पाणी आमच्या बाजूला पडतं, आणि त्या पाण्यावर आमच्या आजीनं लावलेला आळू होतो. आता सांद कुणाची? भिंतीपर्यंत त्यांची, की वळचणीपर्यंत? आजवर ती दोघांचीही होती आणि कुणाचीच नव्हती. मांजरांची होती म्हणा. फक्की मात्र एकाच जागी मारता येते.

ड्रोनला तर कवेलूच दिसतात, भिंत दिसतच नाही. कडुनिंबाखाली घर असेल तर कवेलूही नाही, नुसता हिरवा गोळा. एका छपराखाली तीन भाऊ वेगवेगळ्या चुली मांडून राहत असतील तर वरून एकच घर. म्हणून फोटोनंतर माणसं घरोघर जातात, विचारतात, हरकती मागवतात, त्याची मुदत असते. कागदावर ही पायरी सगळ्यात साधी दिसते आणि गावात तीच सगळ्यात अवघड. आमच्या गल्लीतली दोन घरं त्या दिवशी कुलूपबंद होती. एक कुटुंब पुण्याकडं कंपनीत कामाला गेलेलं, दुसऱ्या घरची म्हातारी लेकीकडं. त्यांच्या अंगणाच्या कडेला फक्की मारली ती शेजाऱ्यांनी. प्रामाणिकपणे मारली असेल, मी वाईट म्हणत नाही. पण हद्द कळायला दोन माणसं लागतात, आणि त्यातलं एक तिथं नव्हतं.

तरीही मी सनदेच्या बाजूची आहे, हे सरळ सांगते. शहरातल्या परिसंवादांत 'लोकांच्या परस्पर समजुतीवर चालणारी सुंदर जुनी व्यवस्था' वगैरे ऐकलं की माझं डोकं सणकतं. त्या समजुतीत विधवांची सांदवाडी हळूहळू आकसत गेलेली मी पाहिलेली आहे. नमुना आठवर मेलेल्या सासऱ्याचं नाव आणि घरात राहणारी सून, अशी घरं आमच्या गल्लीत आहेत. बँकेचा माणूस अशा घरावर कर्ज देत नाही, आणि त्याच्या जागी मी असते तर मीही दिलं नसतं. गावातल्या घराला किंमत आहे हे कागदानं पहिल्यांदा सांगितलं.

वावराची गोष्ट वेगळी, कारण तिथं नकाशा आधीपासून आहे.

काकाजींच्या आणि शेजाऱ्यांच्या वावरामधे धुरा आहे, म्हणजे हद्दीवरचा बांध. त्यावर बोरी-बाभळी, घाणेरीची जाळी, पावसाळ्यात तरोटा. धुऱ्यावरून आमच्याकडे माणसं कोर्टात गेलीत, डोकी फुटलीत, पण या धुऱ्यावर तसं काही नव्हतं. शेजारच्या आजोबांचा मुलगा पुण्यात असतो, त्याला विहिरीसाठी कागद हवे होते म्हणून त्यांनी मोजणीचा अर्ज टाकला. भूकरमापक आले ते काठीवर पांढरी तबकडी लावलेलं रोव्हर घेऊन. पूर्वी मोजणी म्हणजे फलक, साखळी, झेंड्या, दिवसभर उन्हात उभी राहणारी माणसं. आता सर्व्हे ऑफ इंडियानं ठिकठिकाणी कायमची केंद्रं उभारली आहेत. ती उपग्रहांचे संदेश अखंड ऐकतात, त्यातली चूक काढतात आणि रोव्हरला कळवतात. रोव्हर काही सेकंदांत तुमची जागा दोन-चार सेंटिमीटरांच्या आत सांगतं. काकाजी हे सगळं कौतुकानं पाहत होते. मग भूकरमापकानं जुन्या नकाशावरून हद्दीची जागा काढून दाखवली, आणि ती निघाली आमच्या तुरीच्या दुसऱ्या तासात, म्हणजे दुसऱ्या ओळीत.

"बाई, हे लाईन कोनं पाडली?" काकाजींनी मला फोनवर विचारलं. "माह्या बापाच्या आंधीपासून धुरा हाये तिथंच हाये. धुरा त काई चालत नाई न?"

मी त्यांना माझ्या धंद्यातला हिशोब सांगायचा प्रयत्न केला. गावनकाशा १:४००० प्रमाणात. त्यावर शाईची रेघ अर्ध्या मिलिमीटरची धरली, तर जमिनीवर ती दोन मीटर रुंद होते. म्हणजे नकाशात हद्द आहे ती सुतासारखी नाही, बैलबंडी जाईल एवढा पट्टा आहे. वर कापड आकसतं, कागद ताणतो, स्कॅन करताना घडीवर सुरकुती येते, साखळी उन्हात लांबते, आणि झुडपातून ओढताना ती सरळ राहिलीच असेल याची खात्री कोण देणार? अशा रेघेचा मध्य संगणकात धरायचा आणि तो सेंटिमीटरनं जमिनीवर उतरवायचा. यंत्र खोटं बोलत नाही. त्याला विचारलेला प्रश्नच जाड पेन्सिलनं लिहिलेला असतो. दोनशे मीटर लांब धुऱ्यावर दोन मीटर इकडंतिकडं झाले तर चार आर, म्हणजे चारशे चौरस मीटर, जमीन हलते, आणि चार आर म्हणजे गावात पिढ्यांचं बोलणं बंद व्हायला भरपूर.

जुन्या नकाशाच्या त्या ढोबळपणात आमची माणसं राहत होती, हे मला त्या फोननंतर लख्ख कळलं. दोन मीटरच्या त्या रेघेच्या आत बाभळी वाढल्या, बकऱ्या चरल्या, दोन्हीकडच्या बायांनी सरपण तोडलं. नव्या नकाशात तेवढी जागा उरत नाही. आणि गंमत अशी, की या साऱ्यात हिशोब सांगणारी मी, हक्कसोड लिहून दिलेली बहीण. त्या वावरात माझा एक डिसमिलही नाही.

यावर उपाय यंत्रात नाही, पण कायद्याला तो अगदीच अनोळखी आहे असंही नाही. गडचिरोलीतल्या मेंढा (लेखा) गावाला २००९ साली सुमारे अठराशे हेक्टर जंगलावर सामूहिक वनहक्क मिळाला, देशात अगदी पहिल्यांदा मिळालेल्यांपैकी. वनहक्काच्या नियमांत असं आहे की दावा ग्रामसभेनं करायचा, त्याचा नकाशा ओळखीच्या खुणांसकट गावानं मांडायचा, आणि दोन गावांच्या हद्दींचा वाद असेल तर दोन्हीकडच्या समित्यांनी एकत्र बसायचं. म्हणजे आधी माणसं समोरासमोर, मग रेघ. जीपीएस तिथंही वापरतात, पण कबूल झालेली हद्द टिपून ठेवायला. आमच्या मोजणीत क्रम उलटा. आधी रेघ येते, तिच्या मागून नोटीस, आणि माणसं समोरासमोर येतात ती बहुधा अपिलात.

कागदावरच्या रेघेपेक्षा कागदावरचा शेरा कधी कधी जास्त चिवट निघतो. पूर्व विदर्भातल्या सहा जिल्ह्यांत झुडपी जंगल म्हणून नोंदलेली सुमारे ८६ हजार हेक्टर जमीन आहे. जुन्या काळी पडीक, खुरट्या झुडपांची, ढोरं चारायची जागा म्हणून हा शेरा पडला. पडद्यावर ती जागा उघडा, कुठं शाळा दिसेल, कुठं बाजार, कुठं सरकारी कचेरीच. उपग्रहाला तिथं झुडूपही सापडत नाही. तरी नोंद जंगलाची, म्हणून १९९६ च्या सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशानंतर ती अडकली, आणि २२ मे २०२५ च्या निकालानं ही जमीन जंगलच मानायची असं ठरलं. जुन्या वापराला वाट काढून दिली आहे, पण ती प्रस्ताव-मंजुरीतून. अवकाशातून येणारा फोटो कितीही ताजा असो, शेवटी तो या शेऱ्यापुढं हात जोडून उभा राहतो.

उंचीच्या नकाशाबद्दल मात्र मला मनापासून उत्साह आहे. २०२२ च्या राष्ट्रीय भू-स्थानिक धोरणानं २०३० पर्यंत सपाट मुलखाचा उंचीचा नकाशा २५ सेंटिमीटरच्या बारकाईनं करायचं ठरवलंय. त्याआधी फेब्रुवारी २०२१ मध्ये भारतीय माणसाला, भारतीय कंपनीला नकाशे करायला लागणाऱ्या परवानग्या उठल्या. त्याच्या आधीचा काळ आठवला तर हसू येतं. परदेशी कंपनीच्या उपग्रहातून आमच्या विहिरीचा कठडा मोबाइलवर दिसायचा, आणि ५५ एलचं पत्रक हातात घ्यायला अर्ज लागायचा. उंचीचं म्हणाल तर आमच्या काळ्या रानात अर्ध्या मीटरचा उतारच सगळं ठरवतो. वणा नदी फुगली की पाणी कोणत्या नाल्यानं उलटं चढणार, सोयाबीन कुठं तीन दिवस पाण्यात उभं राहणार, शेततळं कुठं भरेल आणि कुठं नुसता खड्डा राहील, हे सारं त्या २५ सेंटिमीटरांत आहे. नागपुरात मातीचे नकाशे करणारी राष्ट्रीय संस्था आहे, राज्याचं सुदूर संवेदन केंद्र आहे. झिरो माइलचा खांबही आहे, आणि तिथं १९०७ चा उंचीचा दगड. लोक त्याला भारताचा मध्यबिंदू म्हणून फोटो काढतात, खरं तर महत्त्वाची त्या दगडाची उंची. इतकं सगळं नागपुरात असून आमच्या गावच्या माणसानं पुराच्या पाण्याची खूण अजून देवळाच्या खांबावर खडूनं करावी, हे मला खटकतं. हद्दींपेक्षा पाण्याचे नकाशे आधी गावात यावेत, असं माझं मत आहे. पाण्यावरून भावाभावांत फेरफार करावा लागत नाही.

धुऱ्याचं पुढं काय झालं ते राहिलं. काकाजी आणि शेजारचे आजोबा बाभळीखाली बसले, चहा झाला, मोजणीचा 'क' नकाशा मधे पसरला. अपील करायचं का, यावर मी फोनवर होते. आजोबा म्हणाले, "पोट्ट्याले विहीर पाह्यजे, तिची जागा वर हाये. या लाईनचं मले काय करा लागते?" धुरा जिथं आहे तिथंच ठेवायचा असं दोघांचं ठरलं. काकाजींना ते लिहून हवं होतं. आता पाचशेच्या खाली स्टॅम्प मिळत नाही, तो आणला, मजकूर मी सांगितला, दोघांनी सह्या केल्या. पटवाऱ्यानं तो वाचला, चांगलं केलं म्हणाला, आणि सांगितलं की हा कागद घरी जपून ठेवा, नकाशात याच्यासाठी जागा नाही. 'क' नकाशाची पीडीएफ मात्र त्याच रात्री पुण्याला गेली आहे, मुलाच्या मोबाइलवर, आणि तिच्यात हद्द आमच्या तुरीतूनच जाते.